नोकरदारांचे पदवीशिक्षण

नोकरदारांचे पदवीशिक्षण म्हणजे उपजीविकेसाठी पूर्णवेळ काम करणाऱ्या प्रौढ व्यक्तीने, एकदा खंडित झालेले शिक्षण पुन्हा हाती घेऊन, नोकरी न सोडता विद्यापीठाची पदवी संपादन करणे होय. महाराष्ट्रात हे शिक्षण प्रामुख्याने चार मार्गांनी होत आले आहे : सकाळी किंवा सायंकाळी भरणारी महाविद्यालये, बहिःस्थ विद्यार्थी म्हणून दिलेली परीक्षा, पत्रद्वारा शिक्षण आणि मुक्त विद्यापीठ. अलीकडे त्यांत ऑनलाइन पदवीची भर पडली आहे. बोलीभाषेत सकाळचे महाविद्यालय वगळता उरलेल्या सर्व मार्गांना सरसकट ‘बाहेरून पदवी करणे’ असे म्हणतात. प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय महाराष्ट्रातील परिस्थिती हा आहे.

संज्ञा आणि व्याप्ती

या विषयाशी नामसाम्य असलेल्या काही कल्पना वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. प्रौढ शिक्षण ही संज्ञा मराठीत मुख्यतः साक्षरता प्रसारासाठी रूढ आहे. पदवीशी तिचा संबंध नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेत रुजविलेली ‘कमवा आणि शिका’ योजना ही शिकता यावे म्हणून काम करणाऱ्या विद्यार्थ्यांची योजना आहे. येथे अभिप्रेत असलेली व्यक्ती याच्या उलट बाजूने येते : ती आधी कामगार, शिपाई, लिपिक, शिक्षक, परिचारिका किंवा पोलीस आहे, आणि विद्यार्थी नंतर. ‘बहिःशाल’ आणि ‘बहिःस्थ’ या शब्दांतही नेहमी गल्लत होते. बहिःशाल शिक्षण म्हणजे विद्यापीठाने सर्वसामान्य नागरिकांसाठी योजलेली व्याख्याने व उपक्रम. त्यातून पदवी मिळत नाही. बहिःस्थ विद्यार्थी मात्र महाविद्यालयात न जाता पदवीच्या परीक्षेस बसतो.

पार्श्वभूमी

दिवसा राबणाऱ्यांसाठी शाळेची वेळ बदलावी ही कल्पना महाराष्ट्रात जुनी आहे. जोतीराव फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी व कामगारांसाठी रात्रशाळा सुरू केली. पुढे मुंबई व पुण्यासारख्या शहरांत रात्रशाळांची परंपरा वाढली आणि गिरण्या, दुकाने, खानावळी व घरकाम यांत गुंतलेल्या मुलांना व तरुणांना तिच्यामुळे मॅट्रिकपर्यंत पोहोचता आले.

मॅट्रिकच्या पुढे मात्र वाट अडत असे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली. त्याच्या पदवीसाठी संलग्न महाविद्यालयात ‘टर्म भरणे’ अनिवार्य होते, म्हणजे ठरावीक हजेरी लागल्याशिवाय परीक्षेस बसता येत नसे. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयाबाहेरील उमेदवारांना पदवी परीक्षेस बसविण्यावर देशभर निर्बंध घातले आणि अशी परवानगी अपवादात्मक ठरविली. महाविद्यालये भरत ती नेमकी कचेऱ्यांच्या वेळेत. त्यामुळे मॅट्रिक होऊन कारकुनी पत्करलेल्या माणसाला पदवी हवी असेल तर नोकरी सोडणे हाच मार्ग उरे, आणि ज्याच्या पगारावर घर चालते त्याला तो मार्ग नव्हताच. बुद्धी, इच्छा व फीचे पैसे असूनही केवळ घड्याळामुळे माणूस अडावा, असा हा प्रश्न होता.

सकाळची महाविद्यालये

या प्रश्नाला महाराष्ट्रात मिळालेले सर्वांत ठळक उत्तर म्हणजे मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना केली आणि सोसायटीचे हे पहिले महाविद्यालय २० जून १९४६ रोजी सुरू झाले. संस्कृतचे विद्वान अ. बा. गजेंद्रगडकर हे त्याचे पहिले प्राचार्य होते. महायुद्धानंतर रिकाम्या झालेल्या लष्करी बराकींत वर्ग भरू लागले. नंतर महाविद्यालय फोर्ट भागातील स्वतःच्या इमारतींत गेले. तासिका भल्या सकाळी ठेवण्यात आल्या, जेणेकरून विद्यार्थ्याला त्या आटोपून कार्यालयाच्या वेळेत कामावर हजर होता यावे. फोर्टची निवडही या दृष्टीने सोयीची ठरली, कारण सरकारी कचेऱ्या, बँका, विमा कंपन्या आणि दोन्ही रेल्वेमार्गांची शेवटची स्थानके तेथून पायी अंतरावर आहेत.

दलित समाजातील पहिल्या पिढीच्या अनेक पदवीधरांना या वेळापत्रकाचा लाभ झाला, आणि इतर समाजांतील गरीब नोकरदारांनाही झाला. सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय १९५३ मध्ये आणि सिद्धार्थ विधी महाविद्यालय १९५६ मध्ये निघाले. कला, वाणिज्य व विधी या शाखा प्रयोगशाळेशिवाय शिकविता येतात. म्हणून सकाळच्या सत्राचा विस्तार मुख्यतः त्याच शाखांत झाला. विज्ञान शाखेचा नोकरदार विद्यार्थी आजही विरळा आहे, त्याचे कारण प्रात्यक्षिकांचे हे बंधन होय.

सकाळच्या महाविद्यालयाचा एक गुण पुढील कोणत्याही पद्धतीला पूर्णपणे साधलेला नाही : तेथे वर्ग असतो, सोबती असतात आणि न समजलेले त्याच वेळी विचारता येते. मात्र ही सोय महानगरांपुरती राहिली. तालुक्याच्या गावी एकच महाविद्यालय, तेही अकराला भरणारे, अशी स्थिती दीर्घकाळ होती. विधी शाखेत तर मिळालेली सवलत काही अंशी परत गेली. पूर्वी अनेक विधी महाविद्यालये रात्री चालत. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांनी विधी अभ्यासक्रमाचे वर्ग सकाळी ८ ते सायंकाळी ७ या वेळेतच भरविणे बंधनकारक केले.

बहिःस्थ परीक्षा आणि पत्रद्वारा शिक्षण

स्वातंत्र्योत्तर काळात विद्यापीठांनी बहिःस्थ विद्यार्थ्यांसाठी दारे काही प्रमाणात उघडली. ग्रामीण महाराष्ट्रात या सवलतीचा मोठा उपयोग प्राथमिक शिक्षकांनी केला. सातवी किंवा दहावीनंतर अध्यापक विद्यालयातून प्रशिक्षण घेऊन खेड्यात नेमणूक झालेला शिक्षक मराठी, इतिहास किंवा राज्यशास्त्र विषय घेऊन ‘बाहेरून बी. ए.’ करी. क्रमिक पुस्तके आणि बाजारातील मार्गदर्शके एवढीच त्याची सामग्री असे. विद्यापीठ त्याची परीक्षा घेई, परंतु त्याला शिकवीत नसे. या पद्धतीचे मूळ वैगुण्य तेच होते.

पत्रद्वारा शिक्षणाने हे वैगुण्य थोडे भरून काढले. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये भारतातील पहिला पत्रद्वारा पदवी अभ्यासक्रम सुरू केला. कोठारी आयोगाने (१९६४–६६) अर्धवेळ व पत्रद्वारा शिक्षणाचा मोठा विस्तार सुचविला. मुंबई विद्यापीठात पत्रद्वारा अभ्यासक्रमांचे संचालनालय १९७१ मध्ये स्थापन झाले. पुढे ते दूर व मुक्त अध्ययन संस्था, अर्थात ‘आयडॉल’, या नावाने परिचित झाले. कलिना येथील विद्यानगरीत असलेल्या या संस्थेकडून टपालाने पाठ येत आणि सुट्यांच्या दिवशी व्याख्याने होत. विद्यापीठाचा अभ्यासक्रम व पदवी यांत महाविद्यालयीन विद्यार्थ्याच्या तुलनेत फरक नसल्यामुळे नोकरीच्या बाजारात तिची पत टिकून राहिली.

मुक्त विद्यापीठ

मुक्त विद्यापीठाची कल्पना ब्रिटनमधील ओपन युनिव्हर्सिटीमुळे (सनद १९६९, अध्यापनाचा प्रारंभ १९७१) जगभर पसरली. भारतातील पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ मध्ये हैदराबाद येथे आंध्र प्रदेश मुक्त विद्यापीठ या नावाने स्थापन झाले. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ (इग्नू) १९८५ च्या केंद्रीय कायद्याने अस्तित्वात आले. महाराष्ट्र विधिमंडळाने केलेल्या १९८९ च्या अधिनियम क्रमांक २० नुसार १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची स्थापना झाली. पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू. पुढे ते इग्नूचेही कुलगुरू झाले. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे विद्यापीठाचे बोधवाक्य आहे.

या विद्यापीठाने नोकरदार विद्यार्थ्याच्या दृष्टीने तीन गोष्टी बदलल्या. पहिली भाषेची. पदवीची पाठ्यपुस्तके स्वतंत्रपणे मराठीत, शिक्षकाशिवाय वाचता येतील अशा ‘स्वयंअध्ययन’ पद्धतीने लिहून घेण्यात आली. प्रत्येक घटकाच्या आरंभी उद्दिष्टे, मध्ये स्वयंमूल्यमापनाचे प्रश्न आणि शेवटी त्यांची उत्तरे, अशी त्यांची मांडणी असते. वीस वर्षांपूर्वी शाळा सुटलेल्या वाचकासाठी ही मांडणी सजावटीपुरती नव्हती. अभ्यासाची मोडलेली सवय तिच्या आधाराने परत येई. दुसरी गोष्ट जागेची. गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे उघडली गेली आणि इतर दिवशी नियमित विद्यार्थ्यांनी भरलेल्या वर्गांत रविवारी ‘संमंत्रक’ नावाच्या मार्गदर्शकांची संपर्कसत्रे होऊ लागली.

तिसरी गोष्ट प्रवेशाची, आणि ती सर्वांत धाडसी होती. बारावी न झालेल्या, परंतु मराठी लिहिता-वाचता येणाऱ्या प्रौढांसाठी ‘पूर्वतयारी’ शिक्षणक्रम ठेवण्यात आला. तो पूर्ण करून पदवीच्या पहिल्या वर्षात जाता येई. इग्नूनेही अशाच स्वरूपाचा पूर्वतयारी कार्यक्रम चालविला. यामागे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९८५ च्या विनियमांचा आधार होता. पूर्वीचे शैक्षणिक प्रमाण नसलेल्या, परंतु २१ वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीस विद्यापीठाच्या प्रवेश परीक्षेच्या आधारे दूरशिक्षणाच्या पदवीला प्रवेश देण्याची तरतूद त्या विनियमांत होती. ज्यांना हा मार्ग नको असे, ते राज्य मंडळाचा ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावी करीत, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची परीक्षा देत.

सैन्यदलांनी दूरशिक्षणाचा वेगळा उपयोग केला. लहान वयात भरती झालेला जवान चाळिशीच्या आसपास निवृत्त होतो आणि नागरी नोकरीसाठी त्याला पदवी लागते. त्यासाठी भारतीय सैन्य व इग्नू यांनी ‘ज्ञानदीप’ हा उपक्रम राबविला.

वेळेचा हिशेब

मुक्त शिक्षण सोपे असते असा समज आहे. श्रेयांकांचे गणित तो खोटा ठरविते. दूरशिक्षणात १ श्रेयांक म्हणजे वाचन, संपर्कसत्र, स्वाध्याय व इतर कामे धरून सुमारे ३० तासांचा अभ्यास. तीन वर्षांची पदवी १२० श्रेयांकांची धरल्यास एकूण ३,६०० तास होतात, म्हणजे दर वर्षी १,२०० आणि दर आठवड्याला सुमारे २३ तास. विरार किंवा बदलापूरहून दक्षिण मुंबईत नोकरीस जाणाऱ्याचे रोजचे तीन तास लोकल गाडीत जातात. त्याने संपूर्ण रविवार अभ्यासाला दिला, तरीही उरलेल्या सहा दिवसांत रोज दोन-अडीच तास काढावे लागतात. इग्नूमध्ये तीन वर्षांची पदवी कमाल सहा वर्षांत पूर्ण करण्याची मुभा असते. तेवढा काळ घेतल्यास आठवड्याचा भार साडेअकरा तासांवर येतो. नोकरदारासाठी ही मुदतवाढ फीच्या सवलतीहून अधिक मोलाची आहे.

शिक्षण मध्येच सुटण्याची कारणे बहुधा अभ्यासाच्या काठिण्यात नसतात. पाळी बदलते, बदली होते, घरात आजारपण येते, मुलांची परीक्षा आणि स्वतःची परीक्षा एकाच महिन्यात पडते. शिक्षक व महसूल कर्मचाऱ्यांना निवडणुकीचे किंवा जनगणनेचे काम लागते आणि त्यांना ते नाकारता येत नाही. इग्नूसारख्या संस्थेत स्वाध्याय दिल्याशिवाय सत्रांत परीक्षेला बसता येत नाही; त्यांना साधारणतः ३० टक्के भारांश असतो. स्वाध्यायाची तारीख हुकली की सहा महिने जातात, आणि अशी दोन सत्रे गेली की विद्यार्थी सहसा परत येत नाही. अभ्यासकेंद्राच्या संयोजकाने या काळात केलेला एखादा दूरध्वनी पुस्तकांच्या दर्जाइतकाच निर्णायक ठरू शकतो, पण त्याची तरतूद कोणत्याही नियमावलीत नाही.

स्त्रियांच्या बाबतीत हा हिशेब आणखी तंग होतो, कारण नोकरीनंतरची घरातली पाळीही बहुतेक वेळा त्यांच्याकडेच असते. अंगणवाडी सेविका, परिचारिका व कार्यालयीन कर्मचारी स्त्रिया मुक्त विद्यापीठाकडे वळतात त्यामागे पदोन्नतीबरोबरच लग्नामुळे सुटलेले शिक्षण पुरे करण्याची इच्छा असते.

कागदपत्रे

खंडानंतर प्रवेश घेताना अभ्यासाआधी कागदपत्रांची परीक्षा द्यावी लागते. शाळा सोडल्याचा दाखला, जुन्या गुणपत्रिका, दुसऱ्या मंडळाकडून किंवा विद्यापीठाकडून आल्यास स्थलांतर प्रमाणपत्र आणि महाविद्यालयात मागितले जाणारे खंडाबद्दलचे प्रतिज्ञापत्र, ज्याला सर्वत्र ‘गॅप सर्टिफिकेट’ म्हणतात, ही त्यांतील नेहमीची. दाखला पहिल्या महाविद्यालयात जमा करून मध्येच शिक्षण सोडलेल्यांना तो परत मिळविण्यासाठी अनेक खेपा घालाव्या लागतात. विवाहित स्त्रीची गुणपत्रिका माहेरच्या नावाने आणि आधारपत्र सासरच्या नावाने असते. दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे विवाह नोंदणी प्रमाणपत्राने किंवा राजपत्रातील नावबदलाने सिद्ध करावे लागते. पदवी प्रमाणपत्रावर कोणते नाव छापले जाणार हे याच टप्प्यावर ठरते.

शासकीय कर्मचाऱ्याने प्रवेशापूर्वी कार्यालयप्रमुखाची परवानगी घेऊन ठेवणे हिताचे असते, कारण पुढे सेवापुस्तकात पदवीची नोंद करताना तिची विचारणा होते. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे, परंतु ती कर्मचाऱ्याच्या कामाशी थेट संबंधित विशेष शिक्षणासाठी असते. सामान्य पदवी करणारा कर्मचारी आपली नैमित्तिक व अर्जित रजाच परीक्षेच्या दिवसांसाठी राखून ठेवतो.

पदवी आणि पदोन्नती

नोकरीत असूनही पदवी घेण्याचे सर्वांत थेट कारण पदोन्नतीच्या नियमांत सापडते. महाराष्ट्र पोलीस दलातील अंमलदारांसाठी महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने घेतलेल्या पोलीस उपनिरीक्षकपदाच्या मर्यादित विभागीय परीक्षेत किमान सेवेची अट पदवीधरास ४ वर्षे, बारावी उत्तीर्णास ५ वर्षे आणि दहावी उत्तीर्णास ६ वर्षे अशी होती. येथे पदवीची किंमत दोन वर्षे एवढी उघडपणे मोजलेली दिसते. जिल्हा परिषदेच्या शाळांत सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी पदवीधर शिक्षकांची पदे असतात, आणि पदविकाधारक प्राथमिक शिक्षकास तेथे जाण्यासाठी पदवी आवश्यक असते. बँकांच्या द्विपक्षीय वेतनकरारांत पदवीधर लिपिकास जादा वेतनवाढी मिळतात. खासगी क्षेत्रात असे लेखी कोष्टक क्वचितच असते; तेथे पदवी नसणे हे प्रत्यक्ष काम येत असूनही पर्यवेक्षकाच्या पुढे न सरकण्याचे कारण बनते.

मान्यतेचा प्रश्न

नोकरदार विद्यार्थ्याची सर्वांत मोठी हानी नापास होण्याने होत नाही. उत्तीर्ण होऊनही पदवी अमान्य ठरल्याने होते. महाविद्यालयीन तरुण अशा वेळी नव्याने आरंभ करू शकतो. पस्तिशीतील कर्मचाऱ्याची गेलेली वर्षे, भरलेली फी आणि त्या पदवीवर मिळालेली पदोन्नती, सर्वच धोक्यात येते.

सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांनी हा धोका स्पष्ट केला. २००९ मध्ये अन्नामलाई विद्यापीठाच्या प्रकरणात न्यायालयाने असा निर्वाळा दिला की १९८५ चे विनियम मुक्त विद्यापीठ पद्धतीलाही लागू आहेत आणि पहिली पदवी नसताना थेट घेतलेली पदव्युत्तर पदवी वैध नाही. ३ नोव्हेंबर २०१७ च्या ओरिसा लिफ्ट इरिगेशन महामंडळ प्रकरणातील निकाल अधिक दूरगामी ठरला. आवश्यक पूर्वमान्यता न घेता चार अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकी पदव्यांचा तो प्रश्न होता. २००१ ते २००५ या काळात प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या न्यायालयाने निलंबित करून त्यांना परीक्षेची संधी दिली; त्यानंतर प्रवेश घेतलेल्यांच्या पदव्या रद्द केल्या. या पदव्या घेणाऱ्यांत पदविकाधारक कनिष्ठ अभियंते मोठ्या संख्येने होते आणि त्यांची पदोन्नती त्यांवर अवलंबून होती.

दूरशिक्षणाचे नियमन पूर्वी इग्नूअंतर्गत दूरशिक्षण परिषदेकडे होते; २०१३ मध्ये ती विसर्जित होऊन हे काम विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाकडे आले. मान्यता विद्यापीठाला सरसकट नसते, ती अभ्यासक्रमनिहाय व कालावधीनिहाय दिली जाते. एखाद्या विद्यापीठाची बी. कॉम. मान्य आणि त्याच वर्षीची दुसरी पदवी अमान्य असे घडू शकते. राज्य विद्यापीठाने आपल्या राज्याबाहेर उघडलेली अभ्यासकेंद्रे हाही वादाचा विषय राहिला. परराज्यातील विद्यापीठाची पाटी लावून ‘एका वर्षात पदवी’ची जाहिरात करणाऱ्या शिकवण्यांनी महाराष्ट्रात अनेक नोकरदारांना फसविले आहे. कोणतीही वैध पदवी तिच्या किमान कालावधीच्या आत मिळत नाही, एवढी माहितीही अशी जाहिरात ओळखण्यास पुरेशी आहे.

मान्यताप्राप्त दूरस्थ व ऑनलाइन पदव्या नियमित पदव्यांशी समकक्ष मानाव्यात, असे आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. समाजाच्या व्यवहारात ही समकक्षता अद्याप पूर्णपणे उतरलेली नाही. मुलाखतीत आणि विवाहाच्या परिचयपत्रांतही ‘नियमित की बाहेरून?’ हा प्रश्न अजून विचारला जातो. वस्तुतः आठवड्याचे ४८ तास काम करून मिळविलेल्या पदवीकडे अधिक आदराने पाहावयास हवे होते.

अलीकडील बदल

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने पदवीच्या वाटेवर थांबण्याची अधिकृत सोय केली. एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स पदवी अशी ही रचना आहे. २०२१ मध्ये विनियमित झालेल्या शैक्षणिक श्रेयांक पेढीत मिळविलेले श्रेयांक जमा राहतात व साधारणतः सात वर्षांपर्यंत वापरता येतात. पूर्वी दुसऱ्या वर्षाला शिक्षण सुटलेल्या कर्मचाऱ्याच्या हाती गुणपत्रिकेखेरीज काहीच उरत नसे. त्याच्यासाठी हा बदल महत्त्वाचा आहे. मात्र श्रेयांक पद्धतीपूर्वी शिक्षण सोडलेल्यांना त्याचा थेट लाभ नाही, आणि आज चाळिशीत असलेले बहुतेक इच्छुक याच गटात मोडतात.

अभियांत्रिकीत अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३ पासून कार्यरत व्यावसायिकांसाठी लवचीक वेळेत वर्ग चालविण्यास मान्यताप्राप्त महाविद्यालयांना परवानगी दिली. त्यासाठी किमान एक वर्षाच्या पूर्णवेळ नोकरीचा अनुभव लागतो आणि नोकरीचे ठिकाण महाविद्यालयापासून ठरावीक अंतराच्या आत असावे लागते. पदविकाधारकांना थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो आणि वर्ग मुख्यतः सायंकाळी भरतात.